अमेरिकेतल्या सरकारी शाळांत विद्यार्थ्यांना मत मांडण्याचा हक्क नेमका किती? आमच्या शाळेतल्या काळ्या फितींवरून पडलेला प्रश्न

प्रश्न: शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नसून एक प्रश्न नीट समजून घ्यायचा आहे.

आमच्याकडे आजूबाजूच्या पाच गावांतून मुले शिकायला येतात. दिवाळीनंतर संध्याकाळची बस बंद झाली आणि तेव्हापासून शाळा सुटल्यावर मुलींना कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांमधल्या रस्त्याने चार किलोमीटर पायी जावे लागते. थंडीत दिवस लवकर मावळतो, रस्त्यावर दिवे नाहीत, आणि वेचणीच्या दिवसांत घरातले मोठे माणूस न्यायला येऊ शकत नाही. दोन मुलींची शाळा त्यामुळे सुटलीच. पालकांनी अर्ज दिले, ग्रामसभेत ठराव झाला, तरी बस सुरू झाली नाही. तेव्हा नववी-दहावीच्या अकरा मुलामुलींनी एका सोमवारी मनगटाला काळी फीत बांधून शाळेत यायचे ठरवले. ती परिपाठाला रांगेत उभी राहिली, त्यांनी राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञा म्हटली आणि मग ती आपापल्या वर्गात जाऊन बसली. कोणी घोषणा दिली नाही की फलक धरला नाही. तिसऱ्या तासाला मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून फिती काढायला सांगितल्या. मुलांनी नम्रपणे नकार दिला, तेव्हा त्यांना दप्तर घेऊन घरी पाठवण्यात आले आणि पालकांना आणल्याखेरीज वर्गात बसता येणार नाही असे सांगण्यात आले.

आमचे मुख्याध्यापक सज्जन आहेत आणि त्यांची भीती मला कळते. आज बससाठी फीत बांधली, उद्या गावातल्या एखाद्या गटाने मुलांच्या हाताला आपली फीत बांधली तर काय करायचे, असे ते म्हणतात. पण दहावीतल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न चार दिवसांपासून माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षी तुम्ही सगळ्या शिक्षकांनी मागण्यांसाठी काळ्या फिती लावून शिकवले होते. मग आमच्याच फितीने शिस्त कशी मोडली?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अमेरिकेत अगदी अशाच काळ्या फितींवरून एक खटला झाला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला, एवढे मी वाचले आहे. तो निकाल नेमका काय सांगतो, त्याला मर्यादा कोणत्या आहेत, आणि आपल्याकडच्या शाळेत त्यातले काय लागू पडते, हे जाणकारांनी समजावून सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर: काटोलचा वकील

मॅडम, आपण म्हणता तो खटला टिंकर विरुद्ध डी मॉइन या नावाने ओळखला जातो. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डी मॉइन शहरात काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धातील मृतांविषयी शोक व्यक्त करण्यासाठी आणि नाताळात युद्धबंदी व्हावी या मागणीसाठी दंडाला काळी फीत बांधायचे ठरवले. ही गोष्ट आधीच कानावर आल्यामुळे तिथल्या मुख्याध्यापकांनी बैठक घेऊन फीत बांधण्यावर बंदी घातली. तरीही तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा पंधरा वर्षांचा भाऊ जॉन आणि सोळा वर्षांचा ख्रिस्तोफर एकहार्ट फीत बांधून शाळेत गेले. फीत काढून येत नाहीत तोपर्यंत शाळेत येऊ नये, असे सांगून त्यांना घरी पाठवण्यात आले. खालच्या न्यायालयाने शाळेची बाजू उचलून धरली आणि अपील न्यायालयातल्या न्यायाधीशांची मते समसमान पडल्याने तोच निर्णय कायम राहिला. शेवटी २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. तोवर मेरी बेथ सोळा वर्षांची झाली होती.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एब फोर्टस यांनी लिहिला. विद्यार्थी किंवा शिक्षक भाषण आणि अभिव्यक्तीचे आपले घटनात्मक हक्क शाळेच्या फाटकाशी सोडून आत येतात असे म्हणता येणार नाही, हे त्यातले वाक्य सर्वांत प्रसिद्ध आहे. आपली मुले वर्गाच्या दाराशी चपला काढून ठेवतात, तसे हक्क काढून ठेवायचे नसतात, असा त्याचा अर्थ मी माझ्या पक्षकारांना सांगतो. परंतु माझ्या मते निकालाचा खरा कणा त्या वाक्यात नाही. शाळेला मुलाचे मत दडपायचे असेल, तर त्या कृतीमुळे शाळेच्या कामकाजात ठोस आणि मोठा अडथळा आला, किंवा तो येईल असे मानायला प्रत्यक्ष आधार होता, हे शाळेने दाखवून द्यायचे असते. नुसती मोघम भीती पुरत नाही. एखादे मत अप्रिय आहे आणि त्यामुळे अवघडल्यासारखे होते, एवढ्यावरून बंदी घालता येत नाही. मुलाने आधी आपल्या बोलण्याची गरज सिद्ध करायची आणि मग बोलायचे, हा क्रमच त्या निकालाने उलटा केला.

त्या निकालातले दोन तपशील आपल्या प्रसंगाशी जुळतात. त्या शहराच्या शाळांत मिळून सुमारे १८,००० विद्यार्थी होते आणि फीत बांधल्याबद्दल कारवाई झाली ती फक्त पाच जणांवर. शिवाय त्याच शाळांत काही विद्यार्थी निवडणुकीच्या प्रचाराचे बिल्ले लावत होते, काही तर नाझींशी जोडले गेलेले आयर्न क्रॉस हे चिन्ह मिरवत होते, आणि त्यांना कोणी अडवले नव्हते. बंदी फक्त काळ्या फितीवर होती. एकाच मताला वेगळे काढून ते दाबले, हे न्यायालयाला गैर वाटले. आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्नही ह्याच जातीचा आहे.

अडथळा म्हणजे काय, हे कळण्यासाठी मात्र त्याच्याही आधीचे दोन निकाल पाहावे लागतात. १९६६ साली मिसिसिपी राज्यातील दोन कृष्णवर्णीय शाळांमधली प्रकरणे एकाच अपील न्यायालयापुढे आली. दोन्हींत नागरी हक्क चळवळीचे बिल्ले मुलांनी छातीवर लावले होते. एका शाळेत बिल्ल्यांविषयी थोडेसे कुतूहल दिसले, पण तास व्यवस्थित चालले. तिथली बंदी न्यायालयाने रद्द केली. दुसऱ्या शाळेत मुलांनी व्हरांड्यात गोंगाट केला, नको म्हणणाऱ्यांच्या अंगावर बिल्ले टोचले आणि तास बिघडवले. तिथली बंदी न्यायालयाने कायम ठेवली. बिल्ले जवळपास सारखे होते आणि निकालांचा दिवसही एकच होता, तरी मुलांचे वर्तन वेगळे असल्यामुळे निकाल वेगळे लागले. मॅडम, म्हणूनच त्या सोमवारी आपल्या शाळेत प्रत्यक्ष काय घडले, याची नोंद आपण आजच करून ठेवावी.

उत्तर: आर्वीकर, सध्या ओहायोत

ताई, मी मूळचा आर्वीचा. माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत आठवीत आहे. आपल्याकडे 'पब्लिक स्कूल' म्हटले की मोठी फी घेणारी खासगी शाळा डोळ्यांपुढे येते. इथे त्याचा अर्थ लोकांच्या करावर चालणारी, सर्वांसाठी मोफत असलेली सरकारी शाळा असा आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वकीलसाहेबांनी सांगितलेला सगळा कायदा फक्त ह्याच शाळांना लागू होतो. भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी संस्थेचे नव्हे. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये वेगळा कायदा करून खासगी माध्यमिक शाळांतील मुलांनाही असे संरक्षण दिले, पण तो अपवाद आहे.

मुलीच्या शाळेत रोज सकाळी झेंड्यासमोर निष्ठेची प्रतिज्ञा म्हटली जाते. पहिल्याच आठवड्यात तिने घरी येऊन सांगितले की वर्गातला एक मुलगा प्रतिज्ञेच्या वेळी गप्प बसून राहतो आणि बाई त्याला काही म्हणत नाहीत. मला ते तेव्हा पटले नव्हते. नंतर कळले की यामागे १९४३ सालचा निकाल आहे. यहोवाचे साक्षीदार या पंथातील मुले धर्मश्रद्धेमुळे झेंड्याला वंदन करत नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढले जाई. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळांची बाजू घेतली होती. तीनच वर्षांनी, महायुद्ध ऐन भरात असताना, त्याच न्यायालयाने स्वतःचा निकाल फिरवला आणि कोणत्याही अधिकाऱ्याला नागरिकाच्या तोंडून निष्ठेचे शब्द सक्तीने वदवून घेता येणार नाहीत असे ठरवले. युद्धाच्या दिवसांत एखादे न्यायालय असे म्हणू शकते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या प्रसंगात उपयोगाची आहे. ओहायोतल्याच कोलंबस शहरातील विद्यार्थ्यांच्या खटल्यात १९७५ मध्ये असे ठरले की दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनातही मुलाला आरोप काय आहे ते सांगितले पाहिजे आणि त्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. त्यासाठी न्यायालयासारखी सुनावणी लागत नाही, समोर बसवून केलेली साधी विचारपूस पुरते. आपल्या अकरा मुलांना घरी पाठवण्यापूर्वी त्यांचे म्हणणे कोणी विचारले होते का?

उत्तर: निवृत्त मुख्याध्यापक, मेहकर

मी बुलढाणा जिल्ह्यात एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. वरची उत्तरे मी आदराने वाचली, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून दिसणारी बाजूही इथे यायला हवी.

चारशे मुले आणि नऊ शिक्षक असलेल्या शाळेत एखादी ठिणगी किती वेळात पसरते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला अडथळा येईपर्यंत थांबा असे सांगणे कठीण असते. खेड्यात शाळेच्या भिंती फार पातळ असतात. दुपारी वर्गात झालेली गोष्ट संध्याकाळी पारावर पोहोचते आणि दुसऱ्या दिवशी दोन गट शाळेच्या फाटकाशी उभे राहतात. मी ते एकदा पाहिले आहे. निवडणुकीच्या दिवसांत काही मुले एका उमेदवाराची टोपी घालून शाळेत आली, दुसऱ्या गटातली मुले त्यांच्या अंगावर गेली आणि एका मुलाचे डोके फुटले. तेव्हापासून शाळेत कोणतेही चिन्ह नको, असा नियम मी केला आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

टिंकर खटल्यात विरोधी मत देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक हे एरवी भाषणस्वातंत्र्याचे फार मोठे कैवारी मानले जात. मुलांना शाळेत पाठवले जाते ते शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले, आणि त्या फितींवरून झालेल्या वादात गणिताच्या एका शिक्षकाचा तास जवळजवळ वाया गेला, हेही नोंदवले. त्यांचे मत कायदा झाले नाही, पण ते वाचताना मला माझ्या शाळेचे आवार आठवले.

शिवाय त्या निकालानंतर न्यायालयाने शाळांचे अधिकार पुन्हा वाढवलेच ना? वकीलसाहेबांनी तोही भाग सांगावा. आणि आजकाल मुले शाळेच्या बाहेर, घरी बसून, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर शाळेबद्दल वाटेल ते लिहितात. तिथे शाळेने काय करायचे?

उत्तर: काटोलचा वकील

सर, आपला आक्षेप रास्त आहे. आपल्या शाळेत डोके फुटले होते, त्यामुळे तुमच्या नियमाला प्रत्यक्ष घटनेचा आधार होता. टिंकरच्या कसोटीवरही तो बहुधा टिकला असता, आणि चिन्ह कोणाचेही असले तरी तो सारखाच लागू होता.

पुढे अधिकार वाढले हेही खरे आहे. १९८६ मध्ये फ्रेझर खटल्यात, विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीसाठी सभेत अश्लील सूचकतेने भरलेले भाषण करणाऱ्या मुलावरची तीन दिवसांच्या निलंबनाची शिक्षा कायम राहिली. १९८८ मध्ये हेझलवूड खटल्यात मिसुरीतल्या एका मुख्याध्यापकाने विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातील दोन पाने छापण्यापूर्वी काढून टाकली होती. एका लेखात गरोदर राहिलेल्या तीन विद्यार्थिनींचे अनुभव होते, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटाविषयी होता. वृत्तपत्र शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, म्हणून योग्य शैक्षणिक कारण असल्यास शाळा त्यात कात्री लावू शकते, असे न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ठरवले. मला हा निकाल आवडत नाही, कारण ज्या विषयांवर मुलांना बोलायची सर्वाधिक गरज असते तेच विषय त्यात कापले गेले. अनेक राज्यांनी नंतर कायदे करून विद्यार्थी पत्रकारांना अधिक संरक्षण दिले. २००७ मध्ये अलास्कातील एका प्रकरणात, अमली पदार्थांची भलामण करणारा वाटावा असा फलक शाळेच्या कार्यक्रमात धरणाऱ्या विद्यार्थ्याविरुद्धही निकाल गेला.

स्टेटसचा प्रश्न मात्र २०२१ मध्ये उलट्या बाजूने सुटला. पेनसिल्व्हेनियातील एका मुलीची शाळेच्या चीअरलीडर पथकाच्या (सामन्यांच्या वेळी खेळाडूंना प्रोत्साहन देणाऱ्या पथकाच्या) मुख्य चमूत निवड झाली नाही, तेव्हा तिने सुट्टीच्या दिवशी शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर शाळेविषयी शिवराळ शब्द टाकले. शाळेने तिला वर्षभरासाठी पथकातून काढले. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी मुलीची बाजू घेतली. शाळेबाहेर मूल पालकांच्या ताब्यात असते. शाळेतही शाळेचे नियम आणि घरीही शाळेचेच नियम असतील, तर मुलाला बोलायला जागाच उरत नाही, असा त्यामागचा विचार आहे. मात्र गंभीर छळ, दादागिरी किंवा धमकी असेल, तर शाळा बाहेरच्या बोलण्यातही लक्ष घालू शकते, असेही त्या निकालात म्हटले आहे.

आता आपल्या देशाविषयी. अमेरिकेतले निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, फार तर मार्गदर्शक ठरतात. आपल्या राज्यघटनेचा अनुच्छेद १९(१)(क) सर्व नागरिकांना भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देतो आणि त्यात वयाची अट नाही. १९(२) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी अशा ठरावीक कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात, परंतु ते कायद्याने घालावे लागतात. शाळेतल्या मुलांविषयीचा आपला सर्वांत महत्त्वाचा निकाल म्हणजे १९८६ सालचा बिजो इमॅन्युएल खटला. केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे ते म्हणत नसत. त्यांना शाळेतून काढण्यात आले. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घेण्याचा आदेश दिला आणि शिक्षण खात्याच्या ज्या परिपत्रकांचा आधार घेतला गेला त्यांना कायद्याचे बळ नसल्याने ती मूलभूत हक्काला रोखू शकत नाहीत, असे स्पष्ट केले. ती मुलेही यहोवाच्या साक्षीदारांचीच होती, आणि आर्वीकरांनी सांगितलेल्या १९४३ च्या निकालाची चर्चा आपल्या न्यायालयाने त्यात केली आहे. फितीपुरते बोलायचे तर कामेश्वर प्रसाद खटल्यात १९६२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे की शांततेने केलेले निदर्शन हाही अभिव्यक्तीचा प्रकार असू शकतो. तो खटला सरकारी कर्मचाऱ्यांचा होता.

अडचण अशी की मॅडमची शाळा खासगी अनुदानित आहे. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतात, त्यामुळे अशा संस्थेविरुद्ध नागपूर खंडपीठात रिट याचिका टिकेल की नाही, हे त्या त्या कृतीच्या स्वरूपावर अवलंबून राहते. मी तो मार्ग इथे सुचवणार नाही. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क आहे. अमेरिकेने त्या संहितेला आजही मान्यता दिलेली नाही. म्हणजे त्या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत, आणि पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हे निःसंकोच सांगता येईल.

उत्तर: शेतकरी पालक, घाटंजी तालुका

मी वकील नाही आणि शिक्षकही नाही. माझी मुलगी दहावीत आहे आणि तीही अशाच रस्त्याने येते. मी शेतातून तिला घ्यायला जातो तेव्हा बैल सोडायचे राहतात, आणि नाही गेलो तर जीव थाऱ्यावर नसतो. आम्ही मोठ्यांनी अर्ज केले तेव्हा पोच मिळाली आणि पुढे काही झाले नाही. मुलांनी फीत बांधली तेव्हा निदान सगळ्या गावाला कळले की बस बंद आहे. अडथळा कोणामुळे आला असे विचारायचे असेल, तर त्या दोन मुलींची शाळा सुटली तोही अडथळाच धरावा, एवढीच विनंती.

प्रश्नकर्ती शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आर्वीकर भाऊ, मुलांचे म्हणणे त्या दिवशी कोणीही विचारले नव्हते. मीही विचारले नव्हते, आणि ते मला फार लागले आहे. मेहकरच्या सरांचे मत मी आमच्या मुख्याध्यापकांना वाचून दाखवले. आपली अडचण कोणी तरी समजून घेतली असे त्यांना वाटले आणि त्यानंतर ते वकीलसाहेबांचे उत्तर ऐकायलाही तयार झाले. अकराही मुले आता वर्गात परत आली आहेत. फितीवरची बंदी उठलेली नाही. येत्या शनिवारी पालक-शिक्षक संघाची बैठक आहे आणि तिथे मुलांपैकी दोघांना बोलू द्यायचे मुख्याध्यापकांनी कबूल केले आहे. बसचा विषयही त्याच बैठकीत घेणार आहोत.

वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून त्या सोमवारची नोंद मी तयार केली. हजेरीपटावर नववी-दहावीची हजेरी नेहमीइतकीच आहे. पहिल्या तासाच्या टाचणात दहावीला भूमितीतील समरूपतेचे दोन प्रमेय पूर्ण झाल्याची नोंद आहे, आणि दुसऱ्या तासाला मी स्वतः नववीला शिकवत होते, तो पाठही ठरल्याप्रमाणे संपला. तिसऱ्या तासाचे टाचण मात्र अर्धवट आहे, कारण तो तास सुरू असतानाच मुलांना बोलावून नेले. ही तिन्ही पाने मी बैठकीसाठी काढून ठेवली आहेत.